बाहेरची कडी

दोन मराठी माणसे एकत्र आली की तीन संस्था निघतात, असे गमतीने म्हणतात. एक पहिल्याची, एक दुसऱ्याची आणि तिसरी दोघांची मिळून. या हिशेबात थोडी अतिशयोक्ती असेल. पण संस्थांचे वाढदिवस साजरे करण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, हे मान्य करायला हवे. पंचवीस वर्षांना रौप्य, पन्नासांना सुवर्ण, साठांना हिरे आणि पंचाहत्तरांना थेट अमृत! त्या दिवशी सभागृहाला झेंडूच्या माळा लागतात, समई विझू नये म्हणून पंखे बंद होतात, संस्थापकांच्या तसबिरीला हार पडतो, चिटणीस अहवाल वाचतात आणि श्रोते घाम पुशीत बटाटेवड्याच्या वासाचा अंदाज घेत बसतात.

मराठीचा प्राध्यापक हा गावातल्या सर्व स्मरणिकांचा जन्मसिद्ध मुद्रितशोधक असतो. पतपेढी, औषधविक्रेत्यांचा संघ, वकिलांचे मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब, साऱ्यांची मुद्रिते माझ्या टेबलावरून गेली आहेत. त्यांतले एक वाक्य मला आता डोळे मिटूनही तपासता येते: 'त्या वेळी लावलेल्या लहानशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.' वाचकहो, या महाराष्ट्रात जेवढे वटवृक्ष स्मरणिकांत उभे आहेत तेवढे रस्त्याच्या कडेला असते, तर उन्हाळ्याची चिंता उरली नसती.

त्यामुळे आमच्या इमारतीत राहणारे डॉक्टर एका संध्याकाळी हातात कागद घेऊन आले आणि "सर, आमच्या सोसायटीला पंचाहत्तर वर्षं झाली," असे म्हणाले, तेव्हा मी चक्रावलो. आमची इमारत उभी राहून पुरती वीस वर्षे झालेली नाहीत आणि गच्चीची गळती तर पहिल्या पावसाळ्यापासून चालू आहे. मी तसे म्हणताच डॉक्टर मोठ्याने हसले. ते मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि त्यांना म्हणायची होती ती इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, म्हणजे देशातल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना. १९४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेला २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त गावच्या वाचनालयात त्यांना मराठीतून व्याख्यान द्यायचे होते. सारे शिक्षण इंग्रजीतून झालेले. तेव्हा शब्दांवरून माझी नजर फिरावी, इतकीच त्यांची अपेक्षा.

त्या कागदांत रोपटे नव्हते, वटवृक्षही नव्हता. पहिलेच वाक्य होते: 'आमच्या व्यवसायाचा आरंभ किल्ल्यांच्या जुडग्यापासून झाला.' मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि वाचत राहिलो. पुढे कित्येक दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचीत होतो. एका संस्थेचा इतिहास आपल्या घरच्या मागच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचेल, असे तेव्हा मनातही नव्हते.

आता हा किल्ल्यांचा जुडगा कोणता, ते पाहू. इंग्लंडात १८४१ साली वेड्यांच्या इस्पितळांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एक मंडळ काढले. ग्लॉस्टरच्या सॅम्युअल हिच या डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. तीन वर्षांनी, १८४४ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी अशाच इस्पितळांचे तेरा अधीक्षक जमले आणि त्यांनीही आपले मंडळ स्थापन केले. पहिल्या मंडळाचे १९७१ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स झाले आणि दुसरे १९२१ पासून अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या नावाने ओळखले जाते. मौज अशी, की आरंभी दोन्ही मंडळांच्या लांबलचक नावांत 'मन' हा शब्द कोठेही नव्हता. इस्पितळे होती, अधिकारी होते आणि वेडे होते. इमारत कशी बांधावी, हवा कशी खेळवावी, नोकर किती ठेवावेत, याची चर्चा ही मंडळी मोठ्या आस्थेने करीत. चांगली इमारत आणि शिस्तीचा दिनक्रम हेच औषध, अशी त्यांची श्रद्धा होती. दुसरे औषध त्यांच्यापाशी फारसे नव्हतेच.

त्या काळी या डॉक्टरांना 'एलिअनिस्ट' म्हणत. परका झालेल्या माणसाचा वैद्य, असा त्याचा अर्थ. वेड लागलेला माणूस स्वतःलाच परका होतो, अशी त्यामागची कल्पना. 'सायकियाट्री' हा शब्द योहान ख्रिस्टियान राइल या जर्मन वैद्याने १८०८ सालीच घडवला होता. मन आणि वैद्य या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यात एकत्र नांदतात. पण तो सर्वत्र रुळायला पुष्कळ काळ जावा लागला. नावे बदलायला वेळ लागतो आणि नावामागची दृष्टी बदलायला त्याहून अधिक. 'असायलम' या शब्दाचेच पाहा. मूळ ग्रीक अर्थ असा, की जिथून माणसाला कोणी धरून नेऊ शकत नाही अशी जागा. प्रत्यक्षात मात्र जिथून माणसाला बाहेर पडता येत नाही, अशी ती जागा झाली.

आपल्या देशात तर १९०५ पर्यंत ही इस्पितळे तुरुंगखात्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होती. त्यानंतर ती सिव्हिल सर्जनांकडे आली. १९१२ मध्ये कायदा झाला, त्याचे नाव इंडियन ल्यूनसी ॲक्ट. १९२० च्या सुमारास ठिकठिकाणच्या 'असायलम' या पाट्या उतरल्या आणि 'मेंटल हॉस्पिटल' अशा नव्या पाट्या चढल्या. फाटके मात्र तीच राहिली.

आणि त्या फाटकांमुळे गावांच्या नावांची काय दशा झाली! आपल्याकडे कोणी जरा विचित्र वागला की आपण त्याला ठाण्याला नाही तर येरवड्याला पाठवतो. विदर्भात नागपूर आणि कोकणात रत्नागिरी ही सोय करतात. उत्तरेकडे याच कामासाठी आग्रा आहे. ताजमहाल बांधूनही आग्र्याला ते टळले नाही. बिहार-बंगालात रांची आहे. आमच्या महाविद्यालयात ठाण्याचे एक सहकारी आहेत. दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला ते "मी मूळचा ठाण्याचा," एवढे सांगतात आणि वर्ग हसतो. हसू ओसरेपर्यंत ते शांतपणे हजेरीपट उघडून ठेवतात.

याच बदनाम गावांतल्या डॉक्टरांनी आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञांची संघटना उभी केली, हे मला विशेष वाटते. आग्र्याच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. बनारसी दास यांच्या खटपटीने १९३९ मध्ये इंग्लंडातल्या त्या जुन्या मंडळाची भारतीय शाखा निघाली. १९४३ मध्ये बनारसी दास वारले आणि शाखा निपचित पडली. पुढे दिल्लीत इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले असता, ७ जानेवारी १९४७ रोजी इंडियन सायकियाट्रिक सोसायटीची स्थापना झाली. कलकत्त्याचे डॉ. नगेंद्रनाथ दे, रांचीच्या इस्पितळाशी संबंध असलेले मेजर आर. बी. डेव्हिस आणि तेथेच अनेक वर्षे अधीक्षक राहिलेले पारशी डॉक्टर जे. ई. धनजीभॉय, हे तिघे त्यात पुढे होते. दे हे पहिले अध्यक्ष झाले. पहिले वार्षिक अधिवेशन १९४८ च्या जानेवारीत पाटण्याला भरले. १९४९ मध्ये संस्थेने नियतकालिक काढले आणि १९५८ पासून ते 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री' या नावाने निघते.

पण काळ कोणता होता? देशाचे दोन तुकडे होण्याची चिन्हे दिसत होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावरून त्या वेळचे चित्र दिसते. चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या सुमारे दहा हजार, म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक! तज्ज्ञ डॉक्टर इतके थोडे, की एकेका प्रांतात आपल्या कामाविषयी बोलायला दुसरा माणूस सापडणे मुश्किल. इतर धंदेवाईक संस्था बहुधा हक्कासाठी किंवा दरासाठी निघतात. ही संस्था निघताना एकटेपणाही मोठा असला पाहिजे. उंच भिंतीच्या आत रोगी एकटा होता, तसा त्याचा डॉक्टरही एकटाच होता.

पाठोपाठ फाळणी आली. तिच्यात कचेऱ्यांतली टेबले-खुर्च्या वाटून घेतल्या गेल्या, हे आपण ऐकलेले असते. इस्पितळांतले वेडेही वाटून घेतले गेले, हे सहसा ऐकलेले नसते. १९५० सालच्या डिसेंबरात लाहोरच्या इस्पितळातून चारशेहून अधिक हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले आणि इकडच्या इस्पितळांतले मुसलमान रुग्ण तिकडे गेले. ज्यांना आपले नावही धड सांगता येत नव्हते, त्यांना राष्ट्र मात्र मिळाले. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही कथा याच घटनेभोवती आहे.

त्याच अमृतसरला डॉ. विद्यासागर हे अधीक्षक म्हणून आले. रुग्ण फार, नोकर थोडे, पैसा त्याहून थोडा. त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या आया, बायका, भाऊ यांना तेथे राहायला बोलावले. घरची माणसे रोग्याला जेवू घालू लागली, त्याचे उपचार डोळ्यांनी पाहू लागली, संध्याकाळी डॉक्टरांचे बोलणे ऐकू लागली. माणूस पूर्वीपेक्षा लवकर घरी परतू लागला आणि सोबतीला राहिलेली माणसे गावी जाऊन सांगू लागली, की हा रोग आहे, भानामती नव्हे. पुढे वेल्लोर आणि बंगळूर येथे नातलगांना सोबत राहू देण्याची ही रीत अधिक पद्धतशीरपणे वाढवली गेली. निधीच्या टंचाईतून निघालेली तंबूंची ही तोड आपल्या देशातील मनोवैद्यकाने जगाला दिलेली एक देणगी मानली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. किल्ल्यांच्या जुडग्यातली एक किल्ली डॉक्टरांनी तेव्हा प्रथमच घरच्यांच्या हाती दिली.

मुंबईनेही आपल्या परीने दारे किलकिली केली होती. कलकत्त्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये सर्वसाधारण इस्पितळात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसाणी यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तसाच विभाग काढला. याचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. खोकल्यासाठी आलेला माणूस आणि भास होतात म्हणून आलेला माणूस एकाच फाटकातून आत जाऊन संध्याकाळी आपापल्या घरी परतू लागले! के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पातंजल योगाच्या पायावर एक उपचारपद्धती बसवली आणि तिचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांतून जगापुढे मांडले.

औषधांची कथा तर कादंबरीसारखी आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना जुनी ओळखीची. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला आणि वेडाच्या प्रक्षोभावर ती चालते असे सांगितले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण इंग्लंडातल्या नियतकालिकात मांडला, आणि मग जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या नव्या औषधाने भ्रमिष्ट रुग्ण शांत होतात, असे दिसून आले. त्यानंतरच्या काही वर्षांत जगभरच्या मनोरुग्णालयांतला आरडाओरडा कमी झाला. भिंती होत्या तशाच राहिल्या, पण भिंतींची गरज का आहे, हा प्रश्न विचारता येऊ लागला.

यानंतरचे प्रकरण आमच्या घरचे आहे. आमचे मूळ घर साताऱ्याला. माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे एक खोली. त्या खोलीत माझे धाकटे काका, दिनूकाका, राहत. ते पूर्वी टपालखात्यात होते. रेल्वेच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे गावोगावच्या खणांत टाकायचे काम. विशी-पंचविशीत त्यांना आवाज ऐकू येऊ लागले, नोकरी सुटली आणि ते त्या खोलीत आले. खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, बाहेरून होती. काका कोणाला त्रास देत नसत. बसल्या जागी, एकसुरी आणि स्वच्छ आवाजात स्टेशनांची नावे म्हणत: जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, कराड. गाडी मिरजेला पोहोचली की पुन्हा पुण्याहून सुटे.

पाहुणे आले की आजी जाऊन कडी लावी. कडी लावल्यावर मात्र ती तेथून हलत नसे. दाराला पाठ लावून उंबऱ्याशी वाती वळत बसे. अकरा वर्षे ती कोणाच्या लग्नाला गेली नाही, मुंजीला गेली नाही, वाडीच्या यात्रेलाही गेली नाही. बाहेरून लावलेली कडी दाराच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना कोंडते, हे मला फार पुढे उमगले.

१९८७ साल असेल. मी सात वर्षांचा होतो. सुमनआत्याला पाहायला मंडळी आली होती. आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, तिला नाव विचारून झाले, शिक्षण विचारून झाले आणि बैठकीत ती एक अवघड शांतता पसरली, जी अशा वेळी पसरतेच. त्या शांततेत मागून आवाज आला: "नीरा... लोणंद... वाठार..." मुलाच्या वडिलांनी मान वळवली. आजोबा क्षणभरही न थांबता म्हणाले, "शेजाऱ्यांचा रेडिओ. फार मोठ्यानं लावतात हो." मंडळी हसली. मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडंही तसंच आहे." आठ दिवसांत होकार आला.

पाहुणे गेल्यावर आजीने कडी काढली आणि पोह्यांची बशी आत नेली. काकांनी तिला विचारले, "गेली का गाडी?" ती म्हणाली, "गेली बाबा, वेळेवर गेली." एवढे बोलून ती पदराने डोळे पुशीत चुलीपाशी गेली.

आजोबांना नावे ठेवण्याचे मला धाडस नाही. मुलीचे लग्न आणि मुलाचा आजार एकाच घरात आला, की बाप काय करणार? त्या काळी, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, 'घराण्यात काही आहे का' हा प्रश्न पत्रिकेतल्या गुणांहून जड असतो.

दोन वर्षांनी माझ्या वडिलांनी हट्ट धरला आणि काकांना एका मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या, पंधरवड्याला इंजेक्शन. जादू काही झाली नाही. पहिले काही महिने त्यांचे हात थरथरत, ते खूप झोपत आणि आजीला वाटे, पोर पूर्वीच बरे होते. मग औषधांचे प्रमाण जुळले. वर्षभरात काका ओट्यावर येऊन बसू लागले. मंडईतून भाजी आणू लागले आणि हिशेबात चार आणेही चुकेनात. मला भूगोलात रेल्वेचे नकाशे त्यांनीच शिकवले. स्टेशने अधूनमधून चालू असत, पण हळू आवाजात. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा त्या खोलीच्या कडीवर गंज चढला होता.

हे आठवले की डॉक्टरांच्या कागदातला पुढला भाग मला वेगळा वाचता येतो. नवा कायदा हवा, हे संस्थेने स्थापनेनंतर दोनतीन वर्षांतच ओळखले होते. १९५० च्या सुमारास तिने स्वतः नव्या कायद्याचा मसुदा तयार करून सरकारला दिला. तो मेंटल हेल्थ ॲक्ट संमत केव्हा झाला? १९८७ मध्ये. अमलात केव्हा आला? १९९३ मध्ये. म्हणजे मसुदा देताना जो डॉक्टर तिशीत होता, तो सत्तरी ओलांडून गेला. काकांची अकरा वर्षे कडीआड गेली, तेव्हा देशात १९१२ चाच कायदा चालू होता.

कायदा आला तरी कड्या एकदम निघाल्या नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आसऱ्याला पहाटे आग लागली. आतल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधले होते. अठ्ठावीस माणसे जळून मेली. त्या साखळ्या कोणी दुष्टाव्याने घातल्या असतील असे मला वाटत नाही. घरच्यांनी थकून, देवावर भार टाकून माणसे तेथे ठेवली होती. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टने, जो २०१८ मध्ये अमलात आला, साखळीने बांधणे स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आणि समाजात राहण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला.

संस्थेचा इतिहास म्हणजे केवळ सत्कार्यांची यादी, असे मात्र समजू नका. कोणाला आजारी म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार ही मोठी धोक्याची वस्तू आहे. या शास्त्राने समलिंगी आकर्षणाला दीर्घकाळ विकार म्हटले. अमेरिकेतल्या संघटनेने १९७३ मध्ये ते आपल्या विकारांच्या यादीतून काढले. आपल्या संस्थेने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले, की हा आजार नव्हे, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत किती तरुणांना विनाकारण औषधे मिळाली असतील! डॉक्टरांनी हा परिच्छेद व्याख्यानात ठेवावा की गाळावा, असे मला विचारले. मी म्हटले, "ठेवा. अमृतमहोत्सवात एवढं तरी कडू असू द्या." त्यांनी ठेवला, आणि लोकांनी तो सर्वांत लक्षपूर्वक ऐकला.

शब्दांपाशी मात्र आमचा पुष्कळ वेळ गेला. 'वेडा' या शब्दाने आम्हांला दमवले. मराठीत हा शब्द शिवी आहे तसा गौरवही आहे. गाण्याचे वेड, पुस्तकांचे वेड, नाटकवेडा. आईची माया तर वेडीच असते. ज्या भाषेने वेडाला इतक्या प्रेमाने जवळ घेतले, ती वेड्या माणसाला मात्र चक्रम, भ्रमिष्ट, ठार वेडा म्हणून दारात उभी करीत नाही, ही चमत्कारिक गोष्ट आहे. डॉक्टर म्हणाले, "आम्ही 'पेशंट' म्हणतो आणि मोकळे होतो." त्यांच्या इंग्रजीतल्या 'केअरगिव्हर' या शब्दापाशी मी अडलो. काळजीवाहू म्हटले की मंत्रिमंडळ आठवते. तेव्हा मला पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची आठवण झाली. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी ही संस्था उभी केली. २००४ च्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांचा हात होता. या क्षेत्रातल्या मराठी मंडळींत दोन सुंदर शब्द रुळले आहेत. आजारी माणूस तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. आजी अकरा वर्षे उंबऱ्यावर बसून होती तेव्हा तिला कोणी काही म्हणत नव्हते. आता तिच्यासाठी एक शब्द आहे, याचे मला फार समाधान वाटले. मनोविकारतज्ज्ञांची संघटना पंचाहत्तर वर्षे चालली. त्याच काळात शुभंकरांनीही आपल्या संघटना काढल्या. माझ्या मते हा त्या अमृतमहोत्सवातला खरा नफा आहे.

काम मात्र डोंगराएवढे उरले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. निरनिराळ्या विकारांत हे प्रमाण शेकडा सत्तरांपासून नव्वदांच्या वरपर्यंत जाते. डॉक्टर कमी आहेत हे एक कारण. पण ज्या शहरात डॉक्टर आहेत, तेथेही त्यांच्या दवाखान्याची पायरी चढताना लोक इकडेतिकडे पाहून घेतात. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारी चष्म्याचे दुकान आहे. ओळखीचे कोणी दिसले की पुष्कळजण अकस्मात चष्मे पाहू लागतात, असे ते सांगतात. दुकानदारही समंजस आहे. तो कोणाला नंबर विचारीत नाही.

सुमनआत्याची गोष्ट एवढ्यासाठीच पुरी करायला हवी. लग्नानंतर कित्येक वर्षे तिने सासरी आपल्याला धाकटा भाऊ आहे एवढेच सांगितले होते. तो कसा आहे, हे नव्हे. माहेरचे पत्र आले की तिच्या पोटात गोळा येई. २०१७ मध्ये तिच्या मुलीला स्थळ आले. उत्तम नोकरी, पुण्यात घर, सारे काही जुळलेले. बैठकीत आत्या उठली आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया होता." आणि रेडिओची गोष्ट तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. तिच्या यजमानांनीही ती तेव्हाच प्रथम ऐकली. पाहुण्यांनी चहा संपवला, "कळवतो," म्हणाले आणि गेले. त्यांचे काही कळवणे आले नाही.

मला वाटले, आत्या खचली असेल. भेटायला गेलो तर ती चकल्यांची भाजणी दळून आणायच्या गडबडीत होती. म्हणाली, "बरंच झालं. ज्या घरात आपला रेडिओ लावता येत नाही, तिथं मुलगी देऊन काय करायचंय?" यजमान शेजारी वर्तमानपत्र वाचीत होते. ते कागद खाली न करताच म्हणाले, "तीस वर्षं मला सांगितलं नाहीस. मीही चांगला कराडपर्यंत आलो असतो त्यांच्याबरोबर." पुढच्या वर्षी मुलीचे लग्न झाले. त्या घरी आत्याने गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली होती.

दिवाळी आली की घराघरांतली दारे उघडी असतात. फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात, येतात. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात एक ताट बाहेर न येता मुकाट्याने मागच्या खोलीकडे जात असेल. त्या घरी गेलात, तर चिवड्याची चव सांगून झाल्यावर आतल्या माणसाची सहज चौकशी करा. मधुमेहाची किंवा गुडघ्यांची करतो तशीच. आणि ते घर तुमचेच असेल, तर यंदा ते ताट पुढच्या बैठकीत, सर्वांच्या ताटांशेजारी मांडून पाहा. कायदा झाला, औषधे आली, डॉक्टरांच्या संस्थेने पंचाहत्तरी गाठली. ही कडी मात्र घरच्यांच्याच हाताशी आहे.